डब्यातल्या टोमॅटोची शेवभाजी

सेवाग्रामच्या दवाखान्यात वडिलांचं ऑपरेशन चालू होतं. भाऊ थिएटरच्या दाराशी होता आणि मी धर्मशाळेच्या ओसरीत येरझारा घालत होतो. तिथे एक मावशी तेलाच्या पिंपाला फोन टेकवून भारताची मॅच बघत स्वयंपाक करत होत्या. त्यांचे यजमान तीन आठवड्यांपासून वॉर्डात होते. मावशींनी टोमॅटो प्युरीचा डबा उघडून परतलेल्या कांद्यावर ओतला.

"टमाटे चिरत बसलं का ओव्हर निघून जाते," त्या म्हणाल्या.

मी जरा टेकलो, आणि नेमका चौकार गेला.

"आता जागेवरून हलू नका, भाऊ!" मावशींनी मला बजावलं.

मॅच रंगात असताना बसली जागा सोडायची नाही, हे आमच्याकडे लहान पोरंही पाळतात. मी बसून राहिलो. शेव घातलेली लालभडक भाजी त्यांनी पोळीसोबत माझ्यापुढे ठेवली. सकाळपासून पहिल्यांदाच मला भूक लागल्याचं कळलं.

भारत जिंकला. ओसरीतले सगळे उठून ओरडायला लागले. मीही उठलो.

"तुम्ही बसा," त्या म्हणाल्या. "तुमची मॅच बाकी हाय."

भांडी तशीच ठेवून त्याही शेजारी बसल्या. बऱ्याच वेळाने माझा फोन वाजला. बाबा शुद्धीवर आले होते.

मावशींनी माझ्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि माझं ताट उचललं.

"हं, आता उठा."