घराच्या फोटोत आई दिसंना

गड्यांनो, दुपारपासनं जिवाला चैन न्हाई. हितं कोइमतूरला सोनं गाळायच्या दुकानात भट्टीम्होरं बसलोय, पण ध्यान सगळं विट्याकडं, घरी.

खोलीत लावायला मला घराचा फोटो पायजे हुता. दारातनं सारखं उसाचं ट्रॅक्टर जात्यात. म्हणून धाकट्या भावाला म्हणलं, "एकाच जागेवरनं, थांबून थांबून लय फोटो काढून पाठव." मोबाइलमधलं ॲप ते सगळे एकावर एक ठेवतं आन् जे हलतं ते पुसून टाकतं.

झकास फोटो झाला. ट्रॅक्टर गायब. वडील बाजंवर झोपल्यालं दिसत्यात, गोठ्यात बसल्याली म्हस दिसती. आई न्हाई.

भावानं पाठवल्याले फोटो परत बघितले. आई सगळ्यात हुती. अंगण झाडताना, म्हशीला वैरण टाकताना, दोरीवर कापडं वाळत घालताना. एका जागी कुठंच थांबली न्हवती, म्हणून ॲपनं तिलाबी ट्रॅक्टरसारखं काढून टाकलं.

तसाच फोन लावला. "आये, घडीभर एका जागंला बस की! फोटोत येत न्हाईस."

"बसते की. तू ये, मग दोघं बसू."

शेठकडं सुट्टी मागायचा धीर होत न्हाई, आन् हितं बसवतबी न्हाई. तुमी काय केलं असतं?