एरियलला लावलेलं ग्रीस

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बहिणीला तर नाहीच.

सहकारी साखर कारखान्यात मी गाड्या सांभाळायचो. तेल, हवा, वंगण — सगळं यादीप्रमाणे. धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला, दाजींना, चेअरमनसाहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून मीच लावलं होतं. त्या गाडीची एरियल मोटरवर चालायची. रेडिओ लावला की सळई वर, बंद केला की आत.

साल दुष्काळाचं. साहेब तलवाड्याला बैठकीत बसले की दाजी टँकरच्या रांगेतल्या बायांना हवामानाच्या बातम्या ऐकवायचे. सळई वर सरकायला लागली की एखादी म्हणायची, "लई उंच जाती की ही. ढगाला टोचा जरा."

एक दिवस सळई अर्ध्यात अडकली. मोटर नुसती घरघरायची. नट सोडून मी सळई ओढून काढली. दाजी आत बसून रेडिओ चालू-बंद करत होते. सळईला वर ढकलणारी आतली दातेरी नायलॉनची दोरी तुटली होती. आणि तिच्यावर — ग्रीस. धूळ बसून चिखलासारखं घट्ट झालेलं. ते मीच सळईला थापलं होतं, ऊसगाडीच्या आसाला थापतात तसं. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. ती सळई कोरडीच पुसायची असते.

साहेबांनी विचारलं, कशानं मोडली? मी म्हणालो, "ड्रायव्हर लोकांसाठी सारखा रेडिओ लावतो, साहेब."

खोटं होतं का ते? नव्हतं — म्हणूनच इतकं सहज निघालं. आणि "दाजी" नाही म्हणालो. "ड्रायव्हर" म्हणालो.

नवी दोरी मी बसवली. दाजींची नोकरी गेली. त्या हंगामात नवरा-बायको दोघं कोयते घेऊन ऊसतोडीला गेले. निघताना बहीण पाया पडली. तू साहेबांना लई विनवलं असशील, म्हणाली. मी मान डोलावली.

दाजींनी पुन्हा कुणाची गाडी चालवली नाही. एरियल आपल्याच हातानं मोडली, असं त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं. बीडच्या दवाखान्यात, शेवटच्या आजारात, त्यांनी माझा हात धरला. "दादा, तुमी मला कामाला लावलं, आन् मी तुमाला मान खाली घालाय लावली. माफ करा."

तेव्हा तरी बोलायचं की नाही? खोलीत आम्ही दोघंच होतो.

मी म्हणालो, "जाऊ द्या दाजी. केलं माफ."