नानांच्या चुलीतला इस्तू

दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या साली, मार्गशीर्षातल्या अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, किन्हवलीजवळच्या आमच्या वाडीत जळालेल्या भाताचा अंदाज काढला. नऊ मण. खळ्यावर हजर चौघे: पाटील, मापाला मी, ज्यांचं भात जळालं ते नाना, आणि ज्यांच्या विडीची ठिणगी भाताच्या भाऱ्यांच्या उडवीवर पडली ते त्यांचे थोरले भाऊ, दादा. दादांनी एक पायलीही कमी करून मागितली नाही. नाना एवढंच म्हणाले, "भात फेड. बोलणं आजपास्नं बंद."

दादा दिवसाला विड्यांची अख्खी जुडी ओढणारे. त्यांनी देवापुढे शपथ वगैरे घेतली नाही. नेम केला तो असा: विडी पेटवायची ती नानांच्या चुलीतल्या विस्तवावर, दुसऱ्या कुठल्याच नाही. कुणी काडी पुढे केली की म्हणत, "माझा इस्तू नानाच्या चुलीत हाय."

"मग तुमी जन्मभर थंडच," असं लोक चिडवत. दादाही हसत.

पहिले महिने वाईट गेले. सकाळी ओटीवर बसून ते नानांच्या कौलांतून निघणारा धूर बघत. एकदा विडी घेऊन नानांच्या अंगणापर्यंत गेले आणि परत फिरले. मला म्हणाले, "विडीसाठी हाक मारली तर तो भाऊ नाय उरत रे, काडेपेटी व्हतो. आधी भात फेडाय पायजे."

म्हसा गावच्या जत्रेत दादांचा बैलाचा सौदा ठरला, आणि विकणाऱ्याने रीतीप्रमाणे विडी पुढे केली. नाकारली तर त्याचा अपमान. दादांनी ती घेतली, कानावर ठेवली आणि बैल घरी आणला. विडी कानावरच होती.

तीन हंगाम त्यांनी तीन-तीन मण घातलं. मापताना दोघे भाऊ माझ्याशी बोलत, एकमेकांशी नाही. शेवटची पायली ओतली तसे नाना उठून घरी गेले आणि करवंटीत निखारा घेऊन आले.

"घे दादा, पेटव."

दादा ओरडलेच, "खळ्यावर इस्तू आणतात काय रे?"

तीन वर्षांनी दादांचं भावाशी पहिलं बोलणं ते. नाना आधी चपापले, मग हसू आवरेना त्यांना. दादांनी करवंटी काढून घेतली आणि जपत घराकडे चालू लागले. नाना मागोमाग.

आता नेमाची आडकाठी नव्हती. तरी दादांनी मरेपर्यंत विडी ओढली नाही, हे मी शेजारी राहून पाहिलं आहे आणि अभिमानाने सांगतो.

नऊ मण भात नानांना पावलं. निखारा दादांच्या चुलीत गेला, आणि त्यावर पहिला चहा नानांसाठी झाला.