डबे आमचे, तूप त्यांचं

बाईंनी माझ्या लेकीच्या अंगातला नवा झगा ओढून काढला. वेण्या सोडल्या. मग चुलीपाशी वाकून बोटांवर राख घेतली आणि पोरीच्या गालांना फासली.

"अगं, लग्नाला आणलंयस का हिला?" मला म्हणाल्या. "असं नटवलेलं पोर बघून कोण मदत देईल?"

साडेतीन वर्षांची पोर. हातापायांच्या काड्या. नुसत्या चड्डीवर उभी. रडली नाही. "आई, मी काय केलं?" एवढंच विचारलं तिनं.

घाटकोपरच्या डोंगरावरची आमची वस्ती. गिरण्यांचा संप झाला, नवऱ्याचं काम गेलं, तेव्हा परळची खोली सोडून आम्ही इथं झोपडं टाकलं. बाईंच्या ट्रस्टनं वस्तीत बालवाडी काढली होती. मी तिथं पोरं सांभाळायची, त्यांचं खाणं शिजवायची. घरात येणारा पगार तेवढाच. बाई मुलुंडहून गाडीनं यायच्या. गरिबांचा भारी कळवळा त्यांना. इतका, की चहा घरून थर्मासातून आणायच्या. आमच्या पेल्याला तोंड लागायला नको ना!

त्या दिवशी, ट्रस्टला मदत पाठवणाऱ्या परदेशातली पाहुणी येणार होती. आदल्या दिवशी बाई एवढंच म्हणाल्या होत्या, "उद्या पाहुणे येतायत, तयार राहा." आता पाहुणे येणार म्हटल्यावर माणसं काय करतात? दार सारवतात, पोरांना न्हाऊ घालतात, ट्रंकेतलं ठेवणीतलं काढतात. माझी सासू मालवणकडची. म्हणाली, "पावणे येतत ना, चेडवाक नवो झगो घाल गो." साऱ्या वस्तीनं तेच केलं. पाहुण्यांसमोर भिकाऱ्यासारखं दिसायचं असतं, हे आम्हाला कुठं ठाऊक! मग बाईंनी एकेक पोर उघडं केलं. आया बघत राहिल्या.

पोरांना तुपातला शिरा मिळावा म्हणून त्या देशातून तुपाचे डबे यायचे. पोरांच्या ताटलीत पडायची पाण्यात शिजवलेली लापशी. "तूप बंदरात अडकलंय," बाई म्हणायच्या. तूप कुठं अडकलंय ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. डोंगराखालच्या मिठाईवाल्याच्या कढईत. त्याच्याकडचे रिकामे डबे आम्हीच विकत आणायचो. कापायचे, ठोकून सपाट करायचे, झोपडीला लावायचे. माझ्या घराची पुढची भिंत सगळी त्याच पत्र्याची. वर त्या देशाचा झेंडा, खाली इंग्रजी अक्षरं. आठवी शिकले होते मी. जुळवून जुळवून वाचली होती. नॉट फॉर सेल.

पण बोलणार कोण? बोललं तर लापशीही बंद.

पाहुणी आली. उंच, उन्हानं लालबुंद, गळ्यात कॅमेरा. पोरांच्या गालांवरून हात फिरवला, डोळे पुसले. मग आमच्या गल्लीत शिरली आणि माझ्या भिंतीसमोर थबकली. एकदम टाळ्याच पिटल्या तिनं. झेंड्याकडं बोट दाखवून आनंदानं काहीतरी बोलली. बाई हसत मला म्हणाल्या, "त्या म्हणतायत, आमचं तूप घराघरात पोचलं. केवढे डबे संपवलेत तुम्ही! हात जोड त्यांना."

पाहुणीनं माझ्या पोरीला भिंतीपुढं उभं केलं. फोटोसाठी. उघडं अंग, गालाला राख, मागं झेंडा. आणि पोरीनं हात जोडले. बाईंनी सकाळीच शिकवून ठेवलं होतं.

तिथं माझं डोकं फिरलं. पोरांच्या तोंडचं पळवलं, ते पळवलंच, वर त्यांच्याकडूनच आभार? मी पोरीचे हात सोडवले. झगा आणून तिच्या अंगात घातला. पाहुणीचं मनगट धरलं आणि डोंगर उतरायला लागले.

"सोड त्यांना! नोकरी जाईल तुझी!" बाई मागून ओरडल्या.

"घाला ती चुलीत," मी म्हटलं.

मिठाईवाल्याच्या दुकानामागं डब्यांची चळत होती. भरलेले, सीलबंद. तोच झेंडा. मी अक्षरांवर बोट ठेवलं. "नॉट फॉर सेल." मग कढईकडं बोट केलं. मग वर वस्तीकडं. "बेबी नो घी. नो."

तिला कळलं. चेहराच उतरला तिचा. तेवढ्यात बाई धापा टाकत आल्या, इंग्रजीत भराभर बोलल्या. पाहुणीनं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि कॅमेऱ्याला टोपण लावलं. त्या चळतीचा एकही फोटो काढला नाही. बाईंच्याच गाडीत जाऊन बसली. जाताना मला हात हलवला!

तोवर मला वाटायचं, बिचाऱ्यांना तिकडं काय कळणार. सगळं कळतं. पाठवल्याचं पुण्य पदरात पडलं की यांचं काम झालं. कोणाच्या पोटात गेलं ते बघायचं नसतं, बघितलं तर पुढचं पुण्य अडतं. थू त्यांच्या पुण्यावर.

नोकरी गेली. बाईंनी बालवाडीलाही कुलूप ठोकलं. "तुझ्यामुळं पोरांची लापशी गेली," शेजारणी तोंडावर म्हणाल्या. खरंच होतं ते. मी खाली सोसायटीत धुणीभांडी धरली. पोरीनं कितीतरी दिवस चहाचपाती खाल्ली. ते आठवलं की अजून आतडं तुटतं. पण पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तेच करीन.

पुढं एक दुसरा ट्रस्टवाला चढून आला. बिस्किटांची खोकी घेऊन, फोटोवाल्यासकट. म्हणाला, "पोरांना रांगेत बसवा." फोटोवाला बघितला आणि बायकांनी, मला बोल लावणाऱ्यांनीही, पोरं बाहेर काढली नाहीत. माझ्याकडं बघत राहिल्या. मी पुढं झाले.

"कुणी पाठवलं, किती पाठवलं, वाटेत कुठं कुठं उतरवलंस, ते आधी सांग. इथं चौकात. आमच्या भाषेत, या सगळ्या बायांसमोर, मोठ्यानं."

तो हसला. "दान घेणारा कधी हिशेब विचारतो का?"

"इथं विचारतो. सांगायचा नसेल तर उचल खोकी आणि उतर डोंगर."