चादरींचं पान

"विचारून बघते, नाही तर नाही," हे आईचं पालुपद. बसचा कंडक्टर असो की इस्पितळातला मोठा डॉक्टर, तिनं कुणाला सोडलं नाही. बावीस वर्षं ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात खोल्यांतून आलेल्या वापरलेल्या चादरी मोजून घेत होती आणि धुऊन गरम रोलरमधून निघाल्या की त्यांच्या घड्या घालत होती. वाचनालयाच्या माडीवर तुटपुंज्या कमाईच्या मोठ्या माणसांसाठी फुकट वर्ग निघाला, तेव्हाही ती नुसतं विचारायला म्हणून गेली आणि नाव घालून आली.

दर गुरुवारी दुपारी तिथं इतिहास चाले, कविता चाले, न्याय म्हणजे काय यावर तावातावानं वाद चाले. परीक्षा नव्हती. नियम एकच, लिहायचं ते स्वतःच्या मनातलं.

"आता काय, बाई चादरीला विचारून घडी घालणार," धुलाईखान्यातली मुकादमीण म्हणायची.

"घालते की. तुझ्यापेक्षा बरं उत्तर देते ती."

अर्धं वर्ष सरल्यावर प्रत्येकानं एक पान लिहून सगळ्यांसमोर वाचायचं ठरलं. आईनं आठ दिवस खपून लिहिलं आणि लेकीपुढं ठेवलं. "चुकलंमाकलं तेवढं बघ गं."

लेक विमा कचेरीत कारकून, घराण्यातली पहिली पदवीधर. तिनं वाचलं. ज्याला भेटायला माणसं येतात, त्याची चादर काठाला चुरगळते, तिथं कुणीतरी बसलेलं असतं. ज्याचं कुणी येत नाही, त्याची नुसती मधोमध चुरगळते. धुतली तरी मला ती विसरवत नाही. याला न्याय म्हणायचं की काय, ठाऊक नाही.

लेकीला लाज वाटली. शिकल्यासवरलेल्यांपुढं आई चादरी वाळत घालणार! तिनं एका बैठकीत नवं पान लिहिलं, न्याय हा समाजाचा पाया आहे इथपासून, आणि जुनं फाडून टाकलं. आईनं ते निगुतीनं उतरवून काढलं. लेक शिकलेली, तेव्हा तिचंच खरं.

वाचनाला लेक मागच्या बाकावर बसली होती. आईचं वाचून झालं. शिकवणाऱ्या बाईंनी हळूच विचारलं, "हे तुमचंच ना?"

आईनं मागं नजरसुद्धा वळवली नाही. "माझंच."

लेकीला उठून दोन शब्द बोलायचे होते. ती बसून राहिली.

पुढचे दोन गुरुवार आई माडी चढली नाही. तिसऱ्या आठवड्यात बाई घरी आल्या. तेव्हा लेकीनं सगळं सांगून टाकलं.

"तुमचं ते परत लिहा. जागा ठेवलीय मी," बाई आईला म्हणाल्या.

"ते गेलं, बाई. आता लिहीन ते तुम्हाला आवडावं म्हणून लिहीन." आईनं चहाचा कप पुढं सरकवला. आवाजात राग नव्हता. राग असता तर लेकीला सोपं गेलं असतं.

गुरुवारी लेकीनं रजा टाकली. "आई, मी येते ना माडीपर्यंत."

"अगं, गुरुवारची दुपारपाळी मागून घेतलीय मी. तू जेवून घे."

आईनं चपला घातल्या, जिना उतरली आणि धुलाईखान्याच्या रस्त्याला लागली. लेक सज्जात उभी राहून बघत होती. आई कोपऱ्यावर वळली, तरी ती आत गेली नाही.