माझ्या मुलीचा उजवा हात

माझी थोरली मुलगी जन्मली तेव्हा तिच्या डाव्या हाताची मूठ इतकी घट्ट होती की आतला ओलावा पुसायला सासूबाईंना एकेक बोट सोडवावं लागलं. उजवा हात मात्र अंगालगत सरळ पडून होता. सुईणीने तो दोनदा उचलून पाहिला. दोनदाही तो तसाच खाली पडला. मग तिने सासूबाईंकडे पाहिलं, आणि त्या नजरेवरूनच मला कळलं.

स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली होती. आम्ही पनवेलला राहत होतो आणि आमचे हे तिथल्या शाळेत शिक्षक होते. मला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ते सासरीच झालं. यांनी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना घरी आणलं. त्यांनी हात हलवून पाहिला आणि म्हणाले, "जन्मताना खांदा अडला, त्यात शीर ताणली गेली आहे. नुसती ताणली असेल तर हात परत येईल. ओढाताण करू नका, हलक्या हाताने हालचाल देत राहा."

"आणि तुटली असेल तर?" यांनी विचारलं.

"सहा महिने वाट पाहू," एवढंच ते म्हणाले.

पाचव्या दिवसापासून बाळाला न्हाऊ घालायला एक बाई येऊ लागल्या. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. खाडीकडच्या गावात राहणाऱ्या, घरची मंडळी मिठागरात राबणारी. पावसाळ्यात मिठागरं पाण्याखाली जात, तेव्हा त्या पनवेलमध्ये घरोघरी बाळंतिणी आणि बाळं न्हाऊ घालत. मिठाने त्यांच्या तळव्यांना भेगा पडलेल्या होत्या. बाळाला हात लावण्याआधी त्या स्वतःच्या हातांना खोबरेल तेल चोळत, मग तळवा आपल्या गालावरून फिरवून पाहत. तो खरखरला तर पुन्हा तेल लावत.

सासूबाईंना त्यांचा भरवसा वाटेना. "चोळूनमोळून भलतंच काही करून ठेवतील," असं त्या मला हळूच म्हणाल्या आणि न्हाणीच्या दारातच पाट टाकून बसल्या. मावशींनी ते ऐकलं असावं. त्यांनी पाय पसरून बाळाला पायांवर घेतलं, उजव्या हाताकडे बराच वेळ पाहिलं आणि मला म्हणाल्या, "हात निजलाय गो वयनी. तिला माईतच नाय, हा हात तिचा हाय. दाकवाला पायजे."

मग रोज त्या तिला तिचा हात दाखवू लागल्या. तो अलगद उचलून तिच्या डोळ्यांसमोर धरत, तिच्याच गालाला लावत, बोटं तिच्या तोंडात देत. दोन्ही हात छातीवर आणून एकमेकांवर ठेवत. कुठेही जोर नाही, घाई नाही. आठवड्याभरात सासूबाईंचा पाट दारातून हलला.

तिसऱ्या महिन्यात मुलगी आपला डावा हात पाहू लागली. मूठ समोर धरून ती अशी काही निरखायची की कुणी जवळ गेलं तरी तिचं लक्ष नसायचं. चौथ्या महिन्यात तिने पाळण्यावर टांगलेल्या कापडी चिमण्यांपैकी एक डाव्या हाताने पकडली. यांनी टाळ्या वाजवल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. उजवा हात दुपट्यावर पडलेलाच होता.

सासूबाई मागोमाग आल्या. "डावरी होईल फार तर. डावऱ्यांचं काय अडतं?" म्हणाल्या.

दसऱ्यानंतर मावशींनी सांगितलं की आता मिठागराची कामं सुरू होणार, त्यांना येता येणार नाही. माझा धीरच सुटला. "मावशी, मला नाही जमायचं हे."

"कसा नाय जमाचा? बस इकडं."

त्यांनी माझा हात बाळाच्या हातावर ठेवला आणि माझ्या हातावर आपला. त्या दिवसापासून पुढचे आठ दिवस त्यांनी बाळाचा हात स्वतः धरला नाही, सगळं माझ्याकडून करून घेतलं. जाताना आणखी एक गोष्ट सांगून गेल्या. "डावा हात रोज घटकाभर दुपट्यात गुंडाळ. रडंल ती. पन मंग उजव्याला उठाव लागंल."

तेच मला जमेना. डावा हात गुंडाळला की ती असहाय होऊन रडायची, आणि मी लगेच दुपटं सोडायची. चार-पाच दिवस सासूबाईंनी हे पाहिलं. मग एके दिवशी मुलीला माझ्या मांडीवरून उचलून म्हणाल्या, "तू आत जा. मी बसते हिच्यापाशी."

तेव्हापासून सकाळची कामं आटोपली की त्या ओटीवर चटई टाकून बसत. मुलीचा डावा हात गुंडाळत आणि उजव्याजवळ पितळी चमचा ठेवत. ती रडू लागली की तिच्याशी बोलत राहत. शेजारणी, भाज्या, आंब्याचं लोणचं, वाटेल ते. मी आतून ऐकायची. असे कितीतरी दिवस गेले.

एका सकाळी त्यांचा आवाज आला, "अगं, ये! लवकर ये!"

मी पिठाच्या हातांनी धावले. मुलीचा उजवा हात चटईवरून सरकत होता. गोगलगाय सरकावी तसा. बोटं चमच्याला टेकली आणि थोडी वळली. चमचा काही उचलला गेला नाही. पण तो हात तिने स्वतः नेला होता. सासूबाईंनी मला बोलू दिलं नाही, नुसता माझा दंड घट्ट धरून ठेवला.

पुढे हळूहळू पकड आली. धरायला आलं, पण सोडायला येईना. माझे केस त्या मुठीत सापडले की मला तशीच मान वाकडी करून बसावं लागे, आणि ते दुखणंही मला गोड वाटे. मग सोडायला आलं, तेव्हा वाट्या-चमचे ओटीवरून अंगणात जाऊ लागले. मी ते दिवसभर उचलत असे. एकदाही रागावल्याचं आठवत नाही.

ती नऊ महिन्यांची झाली तेव्हा एका रविवारी आम्ही तिला घेऊन मिठागरावर गेलो. मावशी घोटाभर खाऱ्या पाण्यात लाकडी फावड्याने मीठ ओढत होत्या. आम्हाला पाहून बांधावर आल्या, हात धुतले आणि ओंजळीत मिठाचे चार खडे घेऊन मुलीसमोर धरले. मुलीने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग खड्यांकडे. उजवा हात पुढे केला, दोन बोटांत एक खडा उचलला आणि थेट तोंडात घातला. तिचं तोंड असं काही झालं की आजूबाजूच्या बायाही हसायला लागल्या.

मावशी हसल्या नाहीत. पदराने तिचं तोंड पुसलं आणि तो हात आपल्या हातात घेऊन बराच वेळ उभ्या राहिल्या. "हात उठंल असा आमाला नाय वाटला होता गो," म्हणाल्या. तेव्हा मला समजलं की त्यांनाही खात्री नव्हती. मला मात्र त्यांनी ते एकदाही जाणवू दिलं नव्हतं.

हात पूर्ण बरा झाला असं म्हणता येणार नाही. आजही तो डोक्याच्या वर सरळ जात नाही. वेणी घालताना तिला मान उजवीकडे कलती करावी लागते. लिहिते डाव्या हाताने. पण तिने भाकरी थापली, शिवणयंत्र चालवलं, स्वतःची दोन मुलं दोन्ही हातांनी वाढवली.

मावशी माझ्या पुढच्या दोन्ही बाळंतपणांना आल्या. एका दिवाळीला मी त्यांना लुगडं नेसवून पाया पडले, तेव्हा "पोर माजी नाय काय?" म्हणून माझ्यावरच रागावल्या.

सासूबाईंना मात्र कित्येक वर्षं मी काहीच म्हटलं नव्हतं. आमच्याकडे घरच्या माणसाचे आभार मानायची रीत नव्हती. शेवटी एकदा दोघी लसूण सोलत बसलो असताना मी धीर करून म्हणाले, "तुम्ही त्या वेळी चटईवर बसला नसता तर मी हात टेकले असते."

त्यांनी मान वर केली नाही. हातातली पाकळी सोलून ताटलीत टाकली आणि म्हणाल्या, "बरं, बरं. आधी भात बघ. खाली लागेल."