पेट्यांत गेलेले कागद

काल संत्र्याची पेटी उघडली आन् रद्दीत मुरलेला वास नाकात गेला. बायकोले जाऊन वरीस झालं. लग्नानंतर शिकून ती अमरावतीच्या कॉलेजात इतिहास शिकवाले लागली होती. सातशे वर्षांआधीच्या बाया काय खात, काय सोसत, हे जुन्या पोथ्यांतून शोधून लिहून काढे. मी चौथी शिकलेला, वरूडचा बागवाला.

एका हंगामात पेट्यांत घालाले रद्दी कमी पडली, म्हणून तिच्या खोलीतला कागदांचा गठ्ठा उचलला. सांजेले ती बागेत धावत आली.

"अवो, माहे कागद कुठी हायेत?"

"ट्रकात गेले दिल्लीले. मेलेल्या बायांसाठी कायले जीव काढून राहिली?"

ती उरलेल्या पेट्या उलट्या करून पाहत राहिली. "त्यायच्याबद्दल कोणी लिहिलंच नाही वो," एवढंच बोलली.

तिनं सारं पुन्हा लिहिलं. काय लिहिते, हे मी एकदाही विचारलं नाही.

परवा अकोल्याहून तिची विद्यार्थिनी आली. "काका, मॅडमवर लेख लिहितेय. त्यांच्याबद्दल सांगा ना."

मी लय वेळ आठवून पाह्यलं. स्वयंपाक चांगला करे, एवढंच तोंडून निघालं. पोरीनं तेच लिहून घेतलं.